मिनिटाला सहा थेंब

"सर, पाणी फळ्यांतून नाही येत. मागून येतंय."

जुलैचा शेवटचा आठवडा, पहाटेचे साडेपाच. फोनवर तो एवढंच बोलला. मागून म्हणजे कुठून हे विचारायची मला गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी तो रत्नागिरीत माझ्याच वर्गात बसायचा, डिझेल मेकॅनिकच्या. शिल्प निदेशक, म्हणजे तिथला शिक्षक, या नात्याने इंजिनापासून पंख्यापर्यंतचा रस्ता मीच त्याला फळ्यावर काढून दाखवला होता. आता तो वडिलांच्या बोटीवर इंजिन सांभाळतो.

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दिवसांत बोटी वर ओढून शाकारून ठेवतात. जुलै संपत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात शाकार उतरतो, रंगाचे डबे उघडतात, जाळ्यांवर माणसं वाकून बसतात आणि एकेक बोट पाण्यात जाते. लाकडी बोट दोन महिने कोरडी राहिली की तिच्या फळ्या आकसतात. पाण्यात उतरवल्यावर पहिले एक-दोन दिवस सांध्यांतून पाणी येतंच. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतात. म्हणून त्याच्या वडिलांनी, म्हणजे तांडेलांनी, रात्री तळात साचलेलं पाणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पहाटे पाणी इंजिनाखालच्या आडव्या लाकडाला टेकलं तेव्हा पोरगा बॅटरी घेऊन खाली उतरला.

मीही उतरलो. इंजिनाच्या मागे गुडघे मुडपून बसावं लागतं, डोकं वर केलं की तुळई लागते. डिझेल, खारं पाणी आणि जुन्या माशांचा वास एकमेकांत मिसळलेला. समोर गिअरबॉक्समधून निघालेला मनगटाएवढा शाफ्ट तिरका खाली उतरत बोटीच्या पाठीतून बाहेर जात होता. तो जिथं बाहेर जातो तिथं पितळेचं एक खोकं असतं, दोन बोल्टांनी आवळलेलं. बोटीवरचे सगळे त्याला नुसतं ग्लँड म्हणतात. त्या खोक्याच्या तोंडातून, शाफ्टला लगटून, करंगळीएवढी धार येत होती. इंजिन बंद होतं. शाफ्ट स्थिर होता. तरीही धार.

तांडेल वरून डोकावून म्हणाले, "घट्ट कर ना रे ते."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून जास्त लांब.

माझं गाव धावडा. जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगराची कड. नदीनाले पावसाळ्यापुरते. बोट आम्हाला पुस्तकातच दिसायची. आमच्या परिसरातली सगळ्यात जवळची बोट अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात भिंतीवर रंगवलेली आहे, दीड हजार वर्षांपूर्वीची. शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं ते गलबत. तीन डोलकाठ्या, नाळेवर रंगवलेला डोळा, एका ओळीत मांडलेले रांजण आणि मागे बाहेरून लावलेली सुकाणूची वल्ही. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं तेव्हा रांजण मोजले होते. आता सुट्टीत गावी गेलो आणि अजिंठ्याला जाणं झालं की माझी नजर सुकाणूच्या त्या वल्ह्यांवर जाते. ती बाहेरून लावलेली आहेत. गलबताला पाण्याखाली कुठंही भोक नाही.

माणसाने हजारो वर्षं बोटी बांधल्या त्या याच एका पथ्याने. वारा वरून घ्यायचा, वल्ही बाजूने मारायची, सुकाणू मागे टांगायचं. वाफेचं इंजिन आलं तेव्हाही सुरुवातीला मोठी चाकं बाजूलाच लावली. १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिकसन या दोघांनी वेगवेगळं काम करून पाण्याखालच्या पंख्याची पेटंटं घेतली, आणि १८४३ मध्ये ब्रुनेलचं 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज पंखा लावून पाण्यात उतरलं. पंखा पाण्यात आणि इंजिन कोरड्यात. त्या दोघांना जोडायचं तर जहाजाच्या पोटाला पाण्याखाली भोक पाडावंच लागतं, आणि त्या भोकातून एक दांडा सतत फिरता ठेवावा लागतो. स्थिर भोक कुणीही बुजवेल. ज्यातून काहीतरी फिरतंय ते भोक कसं बुजवायचं?

या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या विहिरीवर.

विहिरीवर तेलाचं इंजन होतं आणि पट्ट्यावर चालणारा पंप. किर्लोस्करवाडीला असे पंप १९२६ पासून बनायला लागले, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत महाराष्ट्रातली मोट त्यांनी थांबवली. आमचा पंप दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुना घेतला होता. पंपाच्या पोटात पाणी फिरवणारं चाक, बाहेर पट्ट्याची पुली, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट पंपाच्या भिंतीतून बाहेर आलेला. गोष्ट तीच. फक्त इथं पाणी आत आणि कोरडं बाहेर. शाफ्टभोवती खोक्यात चौकोनी विणलेली दोरी, चरबी आणि शिशपेन्सिलीतल्या काळ्या भुकटीत, म्हणजे ग्राफाइटमध्ये मुरवलेली. गावात तिला ग्लँडदोरी म्हणत. भोकरदनच्या दुकानात ती फुटावर मिळायची. मिळाली नाही तर सुतळीला ग्रीस चोपडून वेळ भागवायचे.

पंप चालू असला की त्या ग्लँडमधून थेंब पडायचे. माझ्या मायनं त्या थेंबांखाली अळू लावला होता. विहिरीच्या काठी सगळा खडक आणि मुरूम, त्यात हातभर जागेत तेवढी हिरवी पानं. इंजनच्या धडधडीने ती पानं सारखी हलत असायची.

मी नववीत होतो. उन्हाळ्यात लावलेली मिरची होती, आणि विहिरीला दिवसाकाठी दीड-दोन तासांचं पाणी. दादा बारे देत होते, मी इंजनपाशी. मध्येच ते पंपाजवळ आले, थेंबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी असं वाया चाललंय अन् तू बघत काहून बसला? घट कर ते."

मी पान्हा घेतला आणि दोन्ही बोल्ट फिरतील तेवढे फिरवले. थेंब थांबला. काहीतरी चांगलं केल्याचा आनंद मला झाला, तो अजून आठवतो. अर्ध्या तासात इंजनचा आवाज जड झाला, चढावर लागलेल्या बैलासारखा. मग जळक्या दोरीचा वास आला. मी पंपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तोवर पंपानं पाणी सोडलं होतं. ओलावा गेलेल्या ग्लँडमधून तो हवा ओढायला लागला होता. आम्ही फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला गावात सगळे फुटबॉल म्हणत, शेणकाला ओतून पाहिला. दोष तिथं नव्हताच.

तिसऱ्या दिवशी मिस्तरी आले. त्यांनी ग्लँड उघडून कोळसा झालेली दोरी आकड्याने ओढून काढली, शाफ्टवरची बाही पुसली आणि माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. गुळगुळीत धातूत नखाला अडेल अशी खाच पडली होती. मऊ दोरीने पोलाद कापलं होतं. मी रडायच्या बेतात होतो. मिस्तरी म्हणाले, "बाळा, ते पाणी वाया चाललं नव्हतं. ती त्याची मजुरी होती."

मजुरी हा शब्द मला तेव्हाच पटला, कारण आमच्या घरी मजुरी म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. फिरता शाफ्ट आणि स्थिर दोरी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा उभा असतो. तोच घर्षण सोसतो, तोच उष्णता उचलतो आणि गरम झाला की थेंब होऊन बाहेर पडतो, त्याच्या जागी नवा येतो. त्याला अडवला की त्याचं काम धातूला आणि दोरीला करावं लागतं, आणि ते त्यांना झेपत नाही. पुढे शिकताना मी हिशेब केला. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मिनिटाला सहा थेंब धरले तर तासाला अठरा मिलिलिटर, चोवीस तासांत अर्ध्या लिटरहूनही कमी. आमचा पंप तर दिवसाला दोनच तास चालायचा. म्हणजे कपभर चहाच्या निम्मंही नाही. तेवढं वाचवायला गेलो आणि नवी बाही येऊन बसेपर्यंत सहा दिवस मिरचीला पाणी मिळालं नाही. मिरचीच्या आधी अळू वाळला.

दादांनी मला बोल लावला नाही. पान्हा उचलून इंजनच्या खोपटात टांगला आणि पुढचे दोन महिने ते स्वतः ग्लँडकडे लक्ष देत राहिले. दुष्काळी भागातल्या माणसाला गळणारा थेंब दिसला की त्याच्या पोटात तुटतं, त्यात त्यांचा काय दोष? त्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला होता.

पण थोडं बाहेर सुटू द्यावं लागतं हे याच दादांना गाडीच्या बाबतीत पूर्ण ठाऊक होतं, आणि याचं मला फार नवल वाटतं. बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. लांबच्या बाजाराला निघण्याआधी चाक ओढून दादा आखाला वंगण लावायचे, बोटांनी, सगळीकडे सारखं. चाकाच्या तुंब्यातून काळं वंगण बाहेर ओघळलेलं दिसलं की त्यांना समाधान वाटायचं. कोरडा आख ओरडतो आणि मग जळतो, हे लहान पोरालाही माहीत होतं. पूर्वी हे आख लाकडाचे असत, आणि त्यासाठी ज्या झाडांवर भरवसा ठेवत त्यांत धावड्याचं नाव पुढे येतं. आमच्या गावाचं आणि या झाडाचं नाव एकच. चिवट, जड, वाकलं तरी न मोडणारं लाकूड. आख, कावडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा यांसाठी धावडा. त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. एकाच झाडातून ओझं पेलणारा आख आणि ओल धरणारा डिंक.

हे आठवायचं कारण बोटीतच आहे. सुरुवातीच्या पंख्याच्या जहाजांत शाफ्ट पितळेच्या बेअरिंगमध्ये फिरायचा आणि पितळ बघता बघता झिजायचं. जहाजाच्या पाठीला आतून हादरे बसत आणि पाणी शिरे. मग १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरने पितळ काढून तिथं लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. लिग्नम व्हिटी हे वेस्ट इंडिजकडचं झाड. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि अंगातच राळ असलेलं. पट्ट्यांच्या मधल्या फटींतून समुद्राचं पाणी खेळायचं, तेच वंगण. पितळेला जे जमलं नाही ते लाकूड आणि पाणी यांनी मिळून करून दाखवलं, आणि पुढची शंभर वर्षं जहाजं त्याच्यावर चालली. हा धडा शिकवायला घेतला की वर्गात मी धावड्याच्या आखाबद्दल बोलतो. कोकणातल्या पोरांना बैलगाडीचा आख दाखवायला मग कागदावर चित्र काढावं लागतं.

तर, मिरकरवाड्याची ती पहाट.

धार येत होती ती नुसतं घट्ट करून थांबणारी नव्हती. बोल्टांवर पेच शिल्लकच नव्हते. ग्लँडची पट्टी खोक्याला टेकत आली होती, म्हणजे आतली दोरी संपली होती. दोन महिने कोरडी राहून ती कडक झाली होती, आणि पाण्यात आल्यावर लाकूड फुगतं तशी दोरी फुगत नाही. पाण्यात राहूनही दोरी बदलता येते. बाहेरून पंख्यापाशी शाफ्टभोवती फडकं आवळून पाणी कमी करतात, आत पंप चालू ठेवतात आणि भराभर काम उरकतात. पण करंगळीएवढी धार येत असताना ती जोखीम घ्यावीशी वाटली नाही. भरतीला बोट पुळणीवर नेऊन टेकवली, दोन्ही बाजूंना टेकू दिले आणि सुकतीची वाट पाहिली. पाणी उतरलं की पंख्याची बाजू उघडी पडते. मग पुढची भरती येईपर्यंत तीन-चार तास आपले.

ग्लँडचे बोल्ट सोडले, पट्टी मागे सरकवली आणि आकड्याने जुनी दोरी काढायला घेतली. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाई केली की शाफ्टला ओरखडा जातो. पहिली दोन कडी काळी, काचेसारखी चकचकीत आणि कडक निघाली. आतली दोन अजून मऊ होती. ते पाहिल्यावर मी शाफ्ट पुसला आणि नख फिरवलं. बाहेरच्या दोन कड्यांखाली खाच होती.

मी काही बोललो नाही. पोराचं बोट धरलं आणि तिथं फिरवलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मागच्या मार्चला मीच घट्ट केलं होतं. बाबांना तळात थेंब चालत नाही."

तेव्हा पाणी उतरायची वाट बघत असताना जे सांगायचं राहिलं होतं ते मी त्याला सांगितलं. मिरचीचं आणि अळवाचं.

खाच पडलेल्या शाफ्टवर नवी दोरी बसवली तर ती चार दिवस टिकेल. खरा उपाय म्हणजे शाफ्ट काढून त्यावर बाही चढवणं किंवा नवा शाफ्ट. हंगाम तोंडावर असताना दोन्ही शक्य नव्हतं. मग जुनी युक्ती केली. शाफ्टचं कपलिंग सोडलं आणि गिअरबॉक्सच्या आणि शाफ्टच्या कपलिंगांमध्ये वीस मिलिमीटरची पोलादी चकती घातली, लेथवर दोन्ही तोंडं समांतर घेऊन. तेवढा शाफ्ट मागे सरकला. पंखा आणि सुकाणू यांच्यात अंतर पुरेसं आहे ना हे आधी बोटांनी मोजून घेतलं. आता खाच आतल्या कड्यांखाली गेली आणि बाहेरच्या दोन कड्यांना नितळ शाफ्ट मिळाला. पाणी अडवण्याचं बहुतेक काम ही बाहेरची कडीच करतात. पुढच्या बंदीच्या दिवसांत शाफ्ट काढायचाच, हे तांडेलांकडून कबूल करून घेतलं.

शाफ्ट पन्नास मिलिमीटरचा, खोक्याची आतली गोलाई सत्तरची. म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा, दहाची चौकोनी दोरी. दोरी शाफ्टवरच गुंडाळून धारदार पात्याने तिरपा छेद द्यायचा, म्हणजे टोकं एकमेकांवर नीट बसतात. प्रत्येक कडं वेगळं. सापासारखी सलग गुंडाळी आत घातली तर पाण्याला गोल जिना मिळतो आणि ते त्यानेच बाहेर येतं. एकाचा सांधा वर, दुसऱ्याचा उजवीकडे खाली, तिसऱ्याचा डावीकडे खाली. प्रत्येक कडं पाइपच्या उभ्या चिरलेल्या तुकड्याने तळापर्यंत दाबून मगच पुढचं. पोरगा कडी कापत होता आणि मी बसवत होतो. चौथ्याला मी सरकलो आणि त्याला बसवायला दिलं. त्याने दाबताना श्वास धरला होता.

बोल्ट फक्त हाताने आवळले. पान्हा घेतला नाही.

भरती परत आली. बोट टेकूंवरून हलकी झाली, डुलली आणि तरंगली. आता इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का ते पाहायचं. हे काम बोट पाण्यात असतानाच करायचं, कारण जमिनीवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार थोडा वेगळा असतो. लाकडी बोट तर चांगलीच वाकते. दोन तोंडांच्या फटीत फिलर गेजचं पातं घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहायचं. पाच इंची कपलिंगला पाच हजारांश इंचापेक्षा, म्हणजे ०.१२७ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमचा फरक त्याच्या कितीतरी पट होता. मागच्या डाव्या पायाखालचं रबर बसलं होतं, म्हणून इंजिन तिकडे झुकलं होतं, शाफ्ट फिरताना ग्लँडमध्ये घुसळत होता आणि दोरीला एका बाजूने खात होता. पोरानं नट आवळला होता हे खरं. पण थेंबाची धार व्हायला लागली होती ती या रबरामुळे, आणि हे कळल्यावर त्याचा चेहरा जरा मोकळा झाला.

वाकडा शाफ्ट काय करतो याचं एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' या ब्रिटिश युद्धनौकेवर हल्ला केला. एक टॉर्पेडो मागे, डाव्या बाहेरच्या शाफ्टजवळ लागला. शाफ्टचा आधार गेला, आणि जोरात फिरणाऱ्या त्या वाकड्या दांड्याने भिंतींमधले ग्लँड फोडत आतपर्यंत वाट केली. पाणी त्या वाटेने यंत्रांच्या खोल्यांत शिरलं, वीज गेली, पाणी उपसणारे पंप आणि तोफा निकामी झाल्या. पुढे आणखी टॉर्पेडो लागले आणि पहिल्या घावानंतर सुमारे दीड तासात नवीकोरी म्हणावी अशी ती नौका बुडाली. तिच्यावरचे ३२७ जण गेले. एवढ्या जाड चिलखताच्या नौकेत पाणी आत नेणारी वाट तिच्याच दांड्याने उघडली, हे सांगताना वर्ग शांत होतो. बेचाळीस फुटी लाकडी बोटीला टॉर्पेडोची गरज नसते. पंख्यात अडकलेलं तुटकं जाळं पुरतं.

रबर बदललं, इंजिन पातळ पत्र्यांनी उचलून रेषेत आणलं, कपलिंग आवळलं. मग इंजिन सुरू केलं आणि बोट बांधलेलीच ठेवून गिअर टाकला. ग्लँडमधून पाणी चांगलंच येत होतं, मिनिटाला शंभरेक थेंब. तांडेल खाली उतरले, पाहिलं आणि त्यांचा हात सवयीने पान्ह्याकडे गेला. मी म्हणालो, "काका, थोडं थांबा. नवी दोरी आहे, तिला बसू दे." दहा मिनिटांनी दोन्ही नट एकेक पैलू, षटकोनाची एकच बाजू, सारखे फिरवले. एक जास्त आणि एक कमी झाला तर पट्टी तिरकी बसून शाफ्टला घासते. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा एक पैलू. थेंब साठावर आले, तीसवर आले. प्रत्येक वेळी खोक्याला तळहात लावून पाहायचं. कोमट चालतं. हात ठेववत नसेल तर नट सैल करायचा, कितीही थेंब पडले तरी.

शेवटी मिनिटाला सहा थेंब पडत होते. पोरानं मोबाइलवर मिनिट लावून तीनदा मोजलं. तांडेल तरी नाखूष. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला बोटीत येणारं पाणी पाहवत नाही, आणि त्यांची ती नजर मला ओळखीची होती. इकडे पाणी बाहेर उदंड आणि आत नको, तिकडे आत मोलाचं आणि बाहेर जाऊ द्यायचं नाही. थेंबाकडे पाहणारे डोळे मात्र दोन्हीकडे सारखेच. मी त्यांचा हात धरून खोक्यावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ तिथंच ठेवला. म्हणाले, "गार आहे." मग खालचं पाणी पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि वर गेले.

आता थेंबसुद्धा पडू न देणारे सील मिळतात. रबराची ओठासारखी कड शाफ्टवर टेकवणारे, किंवा कार्बनचं एक आणि सिरॅमिकचं दुसरं अशी दोन घासून गुळगुळीत केलेली तोंडं एकमेकांवर फिरवणारे. गावात आता पट्ट्याचे पंप जाऊन मोनोब्लॉक मोटारी आल्या, त्यांत हे दुसऱ्या प्रकारचं सील असतं. ते कोरडं दिसतं. पण त्या दोन तोंडांच्या मध्येही पाण्याचा पापुद्रा असतोच, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. पाण्याविना मोटार चालवली की तेही जळतं. मला दोरीचा ग्लँड अधिक आवडतो, कारण तो आपली तब्येत बोलून दाखवतो. थेंब वाढले की आठवडाभर आधी कळतं. बंद सील एका क्षणी जातं, आणि ते रात्री समुद्रात जातं.

आपल्या भाषेत पाणी सुटण्याला किती शब्द आहेत. गळणं, ठिबकणं, पाझरणं, झिरपणं, ओघळणं, निथळणं. छप्पर गळतं, माठ पाझरतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, आणि पाझरणं थांबलं की आपण तो माठ मुरला म्हणून बदलतो. ग्लँड गळतो असं मी वर्गात म्हणू देत नाही. ग्लँड पाझरतो. गळायला लागला की दुरुस्तीला घ्यायचा. गावाकडे ठिबक हा शब्द तर आता शेतीचाच झाला आहे. धावड्यात मिरचीच्या सरींवर काळ्या नळ्या पसरलेल्या असतात आणि दर रोपाशी थेंब पडत असतो. मागच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा दादा त्या नळ्यांमधून फिरत होते. जिथं थेंब पडत नाही तिथं थांबून वाकायचे, टोचणीने भोक मोकळं करायचे, थेंब सुरू झाला की पुढे जायचे. वय ऐंशीच्या पुढे. मी बांधावर उभा राहून त्यांना पाहत होतो. पंपाची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही.

१ ऑगस्टला समुद्र खवळलेला होता. तांडेल म्हणाले नारळी पौर्णिमा होऊ दे. नारळ वाहिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोट गेली. रात्री साडेनवाला फोन वाजला. मागे इंजिनाचा आवाज होता, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"सर, सहाचे आठ झालेत. हात लावला, कोमट आहे."

"राहू दे. उद्या सकाळी बघ."

"आणि सर, जाळं टाकून इंजिन बंद केलं तेव्हा थेंब पूर्ण थांबला होता. चालेल ना?"

"चालेल. थांबल्यावर थांबायलाच पाहिजे. सुरू केल्यावर पडायला लागला का?"

तो खाली उतरला असावा, कारण इंजिनाचा आवाज एकदम मोठा झाला. मग बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मोजत होता.